धुक्यात उतरण्याची वाट : जेम्स डूलिटल ह्यांचे चरित्र

विमानाचा प्रवास आता इतका नित्याचा झाला आहे की, दाट धुक्यात खिडकीबाहेर काहीएक दिसत नसताना चाके अलगद जमिनीस लागतात, ह्याचे प्रवाशांस आश्चर्यही वाटत नाही. परंतु शंभर वर्षांपूर्वी धुके हा वैमानिकाचा काळच होता. वादळातून तो वाट काढी, यंत्र बंद पडले तर एखाद्या शेतात उतरे; पण खाली धुके पसरले म्हणजे जमीन कोठे आहे हेच त्यास समजत नसे, आणि समजे तेव्हा बहुधा फार उशीर झालेला असे. ही आपत्ती प्रथम ज्याने जिंकली त्या पुरुषाचे चरित्र आम्ही ह्या अंकासाठी निवडले आहे. जेम्स हॅरोल्ड डूलिटल हे नाव बहुतेक वाचकांस १९४२ च्या टोकियोवरील हल्ल्यामुळे ठाऊक असेल. आमच्या मते मात्र त्यांच्या दीर्घ आयुष्यातील सर्वांत मोलाची पंधरा मिनिटे ती नव्हेत. ती त्यांनी तेरा वर्षे आधी, एका संथ चालीच्या शिकाऊ विमानात, डोक्यावर कापडी आच्छादन ओढून, बाहेरचे काहीही न पाहता घालविली.

जेम्सचा जन्म १४ डिसेंबर १८९६ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात अलमीडा ह्या गावी झाला. बाप सुतारकाम करी. उत्तरेस अलास्कात सोने सापडल्याची वार्ता पसरली, तेव्हा हजारो लोकांबरोबर तोही तिकडे गेला, आणि पुढे बायको व लहानगा जेम्स ही दोघे नोम नावाच्या बंदरी त्याजकडे जाऊन राहिली. सोने हाती लागले नाही. सुतारकामावरच संसार चालला. ते गाव रांगड्या माणसांचे होते, आणि जेम्स अंगाने ठेंगणा. त्यामुळे शाळेतील धटिंगणांशी त्याची रोज जुंपे. ठेंगण्या मुलास दोनच मार्ग असतात, पळावे किंवा लढावे. जेम्सने दुसरा पत्करला, आणि त्यात तो इतका तरबेज झाला की, १९०८ मध्ये आई त्यास घेऊन लॉस एंजेलिस शहरी आली तेव्हा मारामारी हीच त्याची मुख्य विद्या होऊन बसली होती.

तेथील शाळेत इंग्रजीचे एक शिक्षक होते. ते मुष्टियुद्धही शिकवीत. त्यांनी ह्या मुलाची झोंबाझोंबी पाहिली आणि त्यास एक गोष्ट समजावून दिली. तो रागाने आंधळा होऊन लढतो, आणि रागावलेल्या माणसाचे हात त्याच्या डोक्याचे ऐकत नाहीत. असाच लढत राहिला तर एखाद्या दिवशी त्यास चांगलाच मार बसेल. जेम्सने ते मनावर घेतले आणि हौशी मुष्टियोद्ध्यांच्या सामन्यांत नाव मिळविले. तरी रस्त्यावरील भांडणे काही सुटेनात. एकदा पोलिसांनी त्यास धरून नेले आणि घरी निरोप धाडला. आईने त्यास सोडवून आणण्याची घाई केली नाही. सोमवारी शाळेच्या वेळेपर्यंत त्यास तेथेच ठेवावे, असे तिने कळविले, आणि आठवड्याच्या शेवटचे ते दिवस त्याने कोठडीत काढले. ही गोष्ट आम्ही पालकांसाठी मुद्दाम नमूद करीत आहो. पुढे मुष्टियुद्ध सोडण्याच्या अटीवर तिने त्यास मोटारसायकल घेऊन दिली. ती शहाणपणाची अदलाबदल होती किंवा कसे, ह्याविषयी आमच्यातच मतभेद आहे.

१९१० च्या जानेवारीत लॉस एंजेलिसजवळ विमानांचा मोठा मेळा भरला होता. तो पाहून आल्यापासून जेम्सला उडण्याचे वेड लागले. एका मासिकातील आकृतीवरून त्याने एक बिनयंत्री विमान स्वतःच तयार केले, ते खांद्यावर घेऊन उंचवट्यावरून उडी मारली, आणि विमानासह खाली आदळला. दुरुस्ती करून त्याने पुन्हा यत्न केला, व पुन्हा आदळला. ह्याच शाळेत जोसेफीन डॅनियल्स ही अभ्यासू व शांत स्वभावाची मुलगी त्याच्या परिचयाची झाली. अशा दांडग्या मुलाशी तिने ओळख ठेवावी हे तिच्या घरी फारसे रुचले नाही. २४ डिसेंबर १९१७ रोजी दोघांचा विवाह झाला. त्या वर्षी अमेरिका महायुद्धात उतरली होती, आणि खाणकामशास्त्राचा अभ्यास अर्धवट टाकून जेम्स सैन्याच्या वैमानिक शाखेत दाखल झाला होता.

युद्धभूमीवर जाण्याचा योग मात्र डूलिटल ह्यांना आला नाही. ते इतके चांगले वैमानिक निघाले की, वरिष्ठांनी त्यांस मायदेशीच शिक्षक म्हणून ठेवून घेतले. युद्ध संपल्यावर ते सैन्यातच राहिले, आणि त्यांच्या हवाई कसरतींनी लोक थक्क होऊ लागले. वर्तमानपत्रांनी त्यांस धाडसी वीर ठरविले. ही कीर्ती खोटी नव्हती, पण अर्धीच खरी होती. उरलेली अर्धी १९२२ च्या सप्टेंबरात दिसून आली. त्या महिन्यात त्यांनी फ्लॉरिडाच्या पूर्व किनाऱ्यापासून कॅलिफोर्नियातील सॅन डिएगोपर्यंत, वाटेत एकदाच तेल भरून, २१ तास १९ मिनिटांचे उड्डाण केले. एका दिवसाच्या आत अमेरिका खंड ओलांडण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. (त्यापूर्वीच्या महिन्यात त्यांनी हाच यत्न केला होता, तेव्हा चाके किनाऱ्याच्या भुसभुशीत वाळूत रुतून विमान पाण्यात उलटले आणि जमलेल्या लोकांसमोर फजिती झाली.) रात्री ते मेघगर्जनेत सापडले. विजेच्या प्रकाशात क्षणभर दिसे आणि पुन्हा सगळा अंधार होई. त्यांच्यासमोर वळणमापक नावाचे एक नवे, लहानसे यंत्र होते. विमान डावीकडे वळत आहे की उजवीकडे, एवढेच ते सांगे. त्या रात्री ते यंत्र नसते तर आपण विमान सरळ ठेवू शकलो नसतो, असे त्यांचे मत बनले, आणि ते कायमचे राहिले.

नंतर त्यांनी असे काही केले की, जे धाडसी वीर सहसा करीत नाहीत. ते परत शाळेत गेले. मॅसॅच्युसेट्स येथील सुप्रसिद्ध तंत्रविद्यालयात त्यांनी विमानशास्त्राचा अभ्यास आरंभिला, १९२४ मध्ये एम. एस्. व १९२५ मध्ये डॉक्टर ही पदवी मिळविली. विमानशास्त्रातील ही पदवी मिळविणाऱ्या अमेरिकेतील अगदी पहिल्या मोजक्या लोकांत त्यांची गणना होते. त्यांच्या टिपणांच्या टंकलिखित प्रती जोसेफीनबाई काढून देत आणि त्यांवरून प्रश्न विचारून त्यांची तयारी करून घेत; तेव्हा त्या पदवीत त्यांचाही वाटा धरावयास हरकत नाही.

प्रबंधाचा विषय वाऱ्याचा वेग व विमानाची गती असा होता, आणि त्यातील एक निष्कर्ष आमच्या कथेस फार जवळचा आहे. वारा कोणत्या बाजूने वाहत आहे हे आपणांस अंगालाच कळते, असे जुने वैमानिक छातीठोकपणे सांगत. डूलिटल ह्यांनी प्रत्यक्ष उड्डाणे करून मोजमापे घेतली आणि दाखवून दिले की, जमीन दिसत असेल तोवरच हे कळते. ती दिसेनाशी झाली की वैमानिकास ह्यातले काहीही कळत नाही. ज्यास तो अंगची जाणीव म्हणतो ती त्याची दृष्टीच असते.

हे खरोखर कसे घडते ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. आमच्या कानाच्या आत द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार सूक्ष्म नलिका असतात. आपण वळलो की तो द्रव मागे राहतो, आणि त्या योगे मेंदूस वळल्याची वर्दी पोचते. पण वळण संथ असून बराच वेळ चालू राहिले तर द्रवही त्याच गतीने फिरू लागतो आणि वर्दी थांबते. वळत असूनही आपण सरळ चाललो आहो असे वाटते. वळणे थांबविले तर उलट्या बाजूस वळल्याचा भास होतो. ढगात शिरलेला वैमानिक अशा भासास बळी पडून विमान सावरू जाई तो तो ते अधिकच वळे, आणि अखेरीस मळसूत्राप्रमाणे गिरक्या घेत खाली येई. गेल्या वर्षी आम्ही नववीतील काही मुलांचे डोळे रुमालाने बांधून त्यांस शाळेच्या मैदानावरील ध्वजस्तंभाकडे सरळ चालत जाण्यास सांगितले होते. एकही मुलगा स्तंभापर्यंत पोचला नाही. दोघे तर वळून आमच्याकडेच परत आले, आणि आपण नाकासमोर चाललो ह्याविषयी दोघांचीही खात्री होती.

१९२५ मध्ये डूलिटल ह्यांनी श्नायडर चषकाची शर्यत ताशी २३२ मैलांच्या सरासरी वेगाने जिंकली. पुढच्याच वर्षी दक्षिण अमेरिकेत चिली देशी, एका मेजवानीच्या वेळी खिडकीच्या कठड्यावर कसरती करून दाखविताना ते खाली पडले, दोन्ही घोटे मोडले, आणि पाय प्लास्टरमध्ये असतानाच त्यांनी विमान चालवून दाखविले. असल्या गोष्टी विद्यार्थ्यांनी वाचून सोडून द्याव्यात.

१९२८ साली त्यांस खरे काम मिळाले. डॅनियल गुगेनहाइम ह्या धनिकाने विमानविद्येच्या उत्कर्षासाठी २५ लक्ष डॉलरचा निधी दिला होता, आणि त्याचा मुलगा हॅरी हा त्या निधीचा अध्यक्ष होता. धुक्यामुळे विमाने अडून राहतात तोवर प्रवासी वाहतूक भरवशाची होणार नाही, हे त्याने ओळखले आणि न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर मिचेल फील्ड येथे ह्याच एका प्रश्नासाठी प्रयोगशाळा उघडली. सैन्याने डूलिटल ह्यांस तिकडे दिले. दोन विमाने मिळाली. त्यांपैकी एन्-वाय-२ जातीचे एक शिकाऊ विमान अंधउड्डाणासाठी निवडण्यात आले. ते मजबूत आणि मंदगती होते.

प्रयोग चालू असतानाच, १९२९ च्या मार्च महिन्यात, धुक्याने त्यांस स्वतःलाच गाठले. दुसऱ्या विमानातून ते रात्री बफेलो गावाहून मिचेल फील्डकडे परत येत होते. न्यूयॉर्कजवळ येतात तो सर्व प्रदेश धुक्याने भरलेला. खाली उतरण्यास जागा शोधीत ते नदीच्या काठाकाठाने खालीवर हिंडले. एकही जागा दिसेना. तेल संपत आले. अखेरीस न्यू जर्सीत एका झाडास पंख घासला, आणि मग दुसऱ्या झाडाच्या बुंध्याभोवती पंख गुंडाळला जाईल अशा बेताने त्यांनी विमान मुद्दाम आदळविले. विमानाचा चुराडा झाला. डूलिटल ह्यांस खरचटलेही नाही. ज्या यंत्रांच्या शोधार्थ ते झटत होते ती त्या विमानात बसविलेली नव्हती.

आता ती यंत्रे कोणती ते पाहू. आंधळेपणी उतरावयाचे तर वैमानिकास तीन प्रश्नांची उत्तरे हवीत. माझे विमान सरळ आहे की कलले आहे? मी जमिनीपासून किती उंच आहे? आणि उतरण्याचे मैदान कोणत्या दिशेस, किती जवळ आहे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर एल्मर स्पेरी ह्या संशोधकाच्या कारखान्याने दिले. भोवरा वेगाने फिरत असेल तोवर तो आपला आस सोडीत नाही, हे प्रत्येक मुलास ठाऊक आहे. विमान कितीही कलले तरी त्यातील फिरत्या भोवऱ्याचा आस जागचा हलत नाही. ह्या तत्त्वावर स्पेरी पितापुत्रांनी दोन उपकरणे करून दिली: एक कृत्रिम क्षितिज, ज्यात लहानशा तबकडीवर विमानाची आकृती व क्षितिजाची रेघ दिसे; आणि दुसरे दिशादर्शक, जे वळण घेताना होकायंत्राप्रमाणे गोंधळून जात नसे. पहिल्याच्या योगे खरे क्षितिज नाहीसे झाले तरी वैमानिकाजवळ स्वतःचे क्षितिज राहिले.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पॉल कॉल्समन ह्या जर्मनीहून आलेल्या कारागिराजवळ होते. उंची हवेच्या दाबावरून मोजतात. जुन्या उंचीमापकांत शंभर शंभर फुटांची चूक सहज होई, आणि जमिनीजवळ शंभर फूट म्हणजे जन्ममृत्यूचे अंतर. कॉल्समनने घड्याळाच्या तोलाची सूक्ष्म दंतचक्रे बसवून असा उंचीमापक केला की, ज्याची चूक थोड्याच फुटांच्या आत राही. तो मांडीवर ठेवून कॉल्समन स्वतः डूलिटल ह्यांच्यासह विमानात बसला आणि दोघांनी त्याची परीक्षा घेतली.

तिसरे उत्तर बिनतारी लहरींनी दिले, आणि आमच्या मते ह्या सर्व कथेचा गाभा तोच आहे. मैदानाजवळ बिनतारी संदेश पाठविणारे एक ठाणे उभारले होते. त्यातून एक नव्हे, दोन लहरी निघत. त्यांची तोंडे किंचित वेगळ्या दिशांस होती, पण मधल्या एका अरुंद पट्ट्यात त्या दोहोंचे बळ सारखेच असे. हा पट्टा म्हणजेच आकाशातील पायवाट. दोहोंवर वेगवेगळ्या कंपसंख्यांची खूण घातलेली होती. विमानातील ग्राहकयंत्रात पेटीतील रीडांसारख्या दोन पोलादी पट्ट्या बसविलेल्या होत्या, एक एका कंपसंख्येस जुळलेली, दुसरी दुसरीस. लहरी पोचल्या की त्या पट्ट्या थरथरत, आणि त्यांच्या पांढऱ्या टोकांच्या दोन उभ्या रेघा वैमानिकास दिसत. दोन्ही रेघा सारख्या लांब असल्या म्हणजे विमान नेमके वाटेवर आहे; ज्या बाजूची रेघ लांब झाली त्या बाजूस ते ढळले. कानास खटखट ऐकावी लागत नसे, हिशेब करावा लागत नसे. दोन रेघा सारख्या ठेवीत जावयाचे, इतकेच. मैदानाच्या कडेस आणखी एक लहान ठाणे होते, त्याच्या वरून विमान गेले की दुसऱ्या एका पट्टीने तशी खूण दिसे. हे सर्व अमेरिकन सरकारच्या मापप्रमाण खात्याने तयार केलेले होते.

ही उपकरणे एकाच फळीवर मांडून डूलिटल ह्यांनी त्या वर्षी शेकडो वेळा सराव केला. वैमानिकास एका यंत्राकडे टक लावून बसावयाचे नसते. नजर एकावरून दुसऱ्यावर फिरती ठेवावी लागते, आणि अंग काही वेगळेच सांगत असताना यंत्र म्हणेल ते खरे मानावे लागते. हा दुसरा भाग सर्वांत अवघड.

२४ सप्टेंबर १९२९ चा दिवस उजाडला तो दाट धुक्याने. हे धुके गुगेनहाइम निधीस हवेच होते. कारण मैदानावरील धुके उष्णतेने वितळविण्याचे एक यंत्र कोणी सुचविले होते आणि त्याची परीक्षा व्हावयाची होती. ते यंत्र आणून पेटविण्यात आले. धुके जागचे हलले नाही. तेव्हा डूलिटल ह्यांनी ठरविले की, आपण जमलोच आहो तर आपली पद्धत खऱ्या धुक्यात करून पाहावी. ते एकटेच विमानात बसले, धुक्यात दिसेनासे झाले, आणि काही मिनिटांनी परत उतरले.

हॅरी गुगेनहाइम व इतर मंडळी येऊन पोचली तोवर धुके विरळ होऊ लागले होते. आता सर्वांसमक्ष रीतसर प्रयोग करावयाचे ठरले. डूलिटल मागील बैठकीत बसले आणि त्यांच्यावर कापडी आच्छादन पक्के ओढण्यात आले. धुके उठल्यामुळे आकाशात इतर विमाने असण्याचा संभव होता. म्हणून पुढील बैठकीत लेफ्टनंट बेंजामिन केल्सी ह्यांस बसविण्याचा गुगेनहाइम ह्यांनी आग्रह धरला. विमान चालविण्यात त्यांचा हात नाही हे खालून दिसावे म्हणून ते आपले दोन्ही हात वर, सर्वांस दिसतील असे धरून बसले.

विमान पश्चिमेकडे उडाले, हजार फुटांवर चढले, काही मैल गेले, आणि वळले. मैदान मागे टाकून पुन्हा वळले आणि बिनतारी पायवाटेवर आले. आच्छादनाखाली डूलिटल ह्यांस दिसत होते ते एवढेच: दोन थरथरत्या रेघा, एक खोटे क्षितिज, आणि काही काटे. त्यांनी विमान दोनशे फुटांवर आणून तेथेच सरळ धरले. मैदानाच्या कडेच्या ठाण्याची खूण दिसली. मग यंत्राची शक्ती थोडी कमी करून, ठराविक मंद वेगाने, ते खाली खाली येऊ दिले, जमीन चाकांस लागेपर्यंत. उड्डाणापासून पंधरा मिनिटे झाली होती. केल्सी ह्यांनी एकदाही दांड्यास हात लावला नव्हता. उड्डाणापासून अवतरणापर्यंत केवळ यंत्रांच्या आधारे केलेला मनुष्याचा हा पहिला हवाई प्रवास होय. स्वतः डूलिटल मात्र त्या उतरण्यावर खूष नव्हते. ते जरा गबाळे झाले असेच ते म्हणत.

ह्या प्रयोगात एक उणीव होती, ती सांगितली पाहिजे. डावीउजवीकडची वाट बिनतारी लहरींनी दाखविली, पण खाली येण्याचा उतार उंचीमापकावरूनच साधावा लागला. पुढील दोन वर्षांत मापप्रमाण खात्याच्या संशोधकांनी उताराचीही एक लहर तयार केली, आणि १९३१ मध्ये तिच्या साहाय्याने विमान उतरविले. १९३२ च्या मे महिन्यात कॅप्टन आल्बर्ट हेगेनबर्गर हे सोबतीस कोणीही न घेता आच्छादनाखाली एकटे उतरले. २६ जानेवारी १९३८ रोजी वॉशिंग्टनहून निघालेले उतारूंचे विमान पिट्सबर्ग येथे हिमवर्षावात अशा लहरींच्या वाटेने उतरले. आज जगातील मोठ्या विमानतळांवर जी अवतरणपद्धती आहे तिचे तत्त्व तेच आहे. धावपट्टीच्या टोकापलीकडून दोन लहरी येतात; एकीवर सेकंदास ९० व दुसरीवर १५० कंपांची खूण असते, आणि दोन्ही सारख्या भरल्या की विमान मध्यरेषेवर. अशाच दोन लहरी सुमारे तीन अंशांचा उतार दाखवितात. थरथरत्या पट्ट्यांची जागा आता एका उभ्या व एका आडव्या रेघेने घेतली आहे. साध्या प्रकारात वैमानिक दोनशे फुटांपर्यंत खाली येतो, आणि तेथून धावपट्टी दिसली नाही तर परत वर जातो. त्याहून सूक्ष्म व्यवस्था असेल तर विमान आपोआपच उतरते; उतारूंना घेऊन असे पहिले स्वयंचलित अवतरण १० जून १९६५ रोजी लंडनच्या हीथ्रो विमानतळावर झाले.

डूलिटल १९३० मध्ये सैन्याची कायम नोकरी सोडून शेल तेल कंपनीत गेले. तेथे त्यांनी विमानांसाठी उच्च प्रतीचे तेल तयार करविण्याचा पाठपुरावा केला. गिऱ्हाईक नसताना एवढा पैसा घालविणे अनेकांस वेडेपणा वाटला, पण पुढे महायुद्धात तेच तेल कामास आले. १९३२ मध्ये एक मोठी शर्यत जिंकून त्यांनी शर्यतींस रामराम ठोकला.

आणि मग टोकियो. १८ एप्रिल १९४२ रोजी हॉर्नेट ह्या विमानवाहू नौकेवरून १६ विमाने व ८० माणसे घेऊन ते जपानकडे निघाले. इतकी मोठी बाँबफेकी विमाने नौकेवरून उडविण्याचे साहस त्यापूर्वी युद्धात कोणी केले नव्हते. बेत असा होता की, रात्री हल्ला करावा आणि उजाडता उजाडता चीनमधील मैदानांवर उतरावे. तेथे बिनतारी खुणेचे ठाणे वाट दाखवील अशी योजना होती. परंतु शत्रूच्या एका टेहळणी नौकेने त्यांस पाहिले, आणि कित्येक तास आधी, बरेच दुरून निघणे भाग पडले. भर दुपारी हल्ला झाला, आणि विमाने चीनच्या किनाऱ्यावर पोचली ती रात्री, पावसात. खाली काही दिसेना. बिनतारी खूण मुळी आलीच नाही.

१९२९ साली धुक्यात उतरण्याची वाट ज्याने सिद्ध करून दाखविली, तोच मनुष्य तेरा वर्षांनी काळोखात डोक्याला हात लावून तेल किती उरले ते पाहत होता, कारण जमिनीवर एक ठाणे बोलत नव्हते. विमानातील यंत्रे सर्व ठीक होती. विमान सरळ होते, उंची कळत होती. पण वाट दाखविणारे दुसऱ्या टोकास कोणी नसेल तर वाट नाहीच. तेरा तासांच्या उड्डाणानंतर तेल संपले, आणि डूलिटल ह्यांनी आपल्या चारही सोबत्यांस छत्रीच्या साहाय्याने उड्या मारावयास लावून शेवटी स्वतः उडी टाकली. ते एका भाताच्या शेतात, खतात पडले. सोळापैकी पंधरा विमाने चीनमध्ये वा किनाऱ्यावर नष्ट झाली, एक रशियात उतरले. त्या रात्री तिघे मेले. आठजण जपान्यांच्या हाती सापडले, त्यांपैकी तिघांस गोळ्या घालण्यात आल्या आणि एक बंदिवासात वारला. टोकियो आदी शहरांत सुमारे ५० माणसे मेली होती. ह्या वैमानिकांस आसरा दिला म्हणून जपानी सैन्याने पुढे सहस्रावधी चिनी ग्रामस्थांचे प्राण घेतले. ह्या विजयाचे वर्णन करताना त्या गरीब शेतकऱ्यांस बहुतेक लेखक विसरतात.

आपल्या मोडलेल्या विमानाजवळ बसून डूलिटल ह्यांस वाटले की, मोहीम फसली आणि मायदेशी आपली सैनिकी चौकशी होईल. प्रत्यक्षात त्यांस देशाचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले, आणि एकदम दोन पायऱ्यांची बढती मिळून ते सेनापती झाले. १९४४ च्या आरंभी इंग्लंडातील अमेरिकेच्या आठव्या वायुदलाचे आधिपत्य त्यांजकडे आले. युद्धानंतर ते पुन्हा तेल कंपनीत गेले. विमानतळ व त्यांच्या आसपासची वस्ती ह्यांविषयी १९५२ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते.

२४ डिसेंबर १९८८ रोजी, विवाहास बरोबर ७१ वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, जोसेफीनबाई निवर्तल्या. डूलिटल ह्यांचे देहावसान २७ सप्टेंबर १९९३ रोजी, वयाच्या ९६ व्या वर्षी झाले. आर्लिंग्टन येथील राष्ट्रीय दफनभूमीत दोघांच्या समाध्या आहेत.

मिचेल फील्ड येथील त्यांच्या घरी एक पांढरे मेजवस्त्र होते. अंधउड्डाणाच्या प्रयोगात ज्यांनी हातभार लावला त्या मंडळींस जोसेफीनबाईंनी जेवावयास बोलाविले, आणि प्रत्येकास त्या वस्त्रावर आपली सही करावयास सांगितले. मागाहून त्यांनी स्वतः त्या सह्यांवर काळ्या दोऱ्याने भरतकाम केले. पुढे घरी येणाऱ्या पाहुण्यांच्या सह्याही त्यावर पडत गेल्या, आणि त्यांची संख्या पाचशेच्या वर गेली. ते वस्त्र आता वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संग्रहालयात ठेविलेले आहे.